नवा टायर रुळवताना

मोटारसायकलचा टायर आपण बदलतो तो बहुतेक वेळा जिवाच्या काळजीने. नक्षी झिजून गुळगुळीत झालेली असते, ओल्या रस्त्यावर मागचे चाक सरकू लागलेले असते आणि पावसाळा तोंडावर आलेला असतो. नवा टायर बसला की मन निश्चिंत होते, आणि नेमके इथेच चुकते. दुकानातून बाहेर पडल्यावरची पहिली वळणे आणि जोरात मारलेला पहिला ब्रेक हे त्या टायरच्या आयुष्यातले फार नाजूक क्षण असतात. काळ्याभोर, खोल नक्षीच्या टायरकडे पाहून याची शंकाही येत नाही. गाडी घसरलीच तर दोष खडीला, सांडलेल्या डिझेलला नाहीतर नशिबाला दिला जातो.

टायर कंपन्या नव्या टायरवर पहिले 100 मैल, म्हणजे सुमारे 160 किलोमीटर, सांभाळून चालवा असे सांगतात. काहींचा आकडा याहून थोडा जास्त असतो. ही सूचना का आहे आणि तेवढ्या अंतरात टायरचे नेमके काय होते हे समजून घेतले, तर पुढची सगळी काळजी आपोआप सुचते.

चकाकी येते कुठून

टायर तयार होताना आधी रबराचा मऊ, चिकट, नक्षी नसलेला कच्चा टायर बांधला जातो. त्यात नैसर्गिक आणि कृत्रिम रबर, कार्बन ब्लॅक, सिलिका, तेल, झिंक ऑक्साइड, गंधक आणि रबर लवकर तडकू नये म्हणून घातलेली मेणासारखी द्रव्ये असतात. हा कच्चा टायर धातूच्या साच्यात बसवतात, आतून रबरी फुगा फुगवून तो साच्यावर दाबतात आणि साधारण 150 ते 180 अंश सेल्सिअसला शिजवतात. या उष्णतेत गंधक रबराच्या लांब साखळ्यांना एकमेकींशी बांधून टाकतो आणि चिकट लगदा चिवट, लवचीक होतो. 1839 मध्ये अमेरिकेत चार्ल्स गुडइयर यांना गवसलेल्या प्रक्रियेवरच हे सगळे उभे आहे. नागपूरजवळ बुटीबोरीला सिएटचा दुचाकी टायरांचा कारखाना आहे, मदुराईला टीव्हीएस श्रीचक्रचा आहे. कारखाना कुठलाही असो, मूळ पद्धत हीच.

साच्याचा आतला पृष्ठभाग अतिशय गुळगुळीत असतो आणि टायरची वरची साल त्याचीच नक्कल करते. नव्या टायरची चकाकी मुख्यतः इथून येते. शिजलेला टायर साच्यातून सहज सुटावा म्हणून पूर्वी त्याला बुळबुळीत द्रव्य सर्रास फवारत. आता पुष्कळ साच्यांना आतून टिकाऊ लेप असतो, त्यामुळे ते प्रमाण बरेच घटले आहे. तरीही टायर गोदामात पडून असताना रबरातली मेणासारखी द्रव्ये हळूहळू वर येतात आणि त्यांचा पातळ थर पृष्ठभागावर बसतो. हवेतल्या ओझोनपासून रबराचे रक्षण करणे हे त्या थराचे काम. रस्त्यावर मात्र तो रबर आणि डांबर यांच्या मध्ये येतो.

टायरवर उभे राहिलेले रबराचे केस आपण सगळ्यांनी पाहिलेले असतात. साच्यातून हवा निघून जावी म्हणून ठेवलेल्या बारीक छिद्रांत रबर शिरून ते तयार होतात. त्यांनी पकड वाढत नाही की कमी होत नाही. मात्र केस जिथे शाबूत आहेत, तो भाग अजून रस्त्याला नीट लागलेला नाही एवढे त्यांच्यावरून कळते.

पकड किती लागते

रबर रस्त्याला दोन प्रकारे धरते. एक म्हणजे प्रत्यक्ष स्पर्शाने: रबराचा पृष्ठभाग डांबराला अगदी जवळून भिडतो तेव्हा दोघांत आकर्षण निर्माण होते. दुसरे म्हणजे, खडीच्या बारीक टोकांवर रबर दबते आणि पूर्ववत व्हायला किंचित उशीर लावते. या दबण्या-उठण्यात जी ऊर्जा खर्च होते ती घसरण्याला विरोध करते. पहिल्या प्रकाराला स्वच्छ, उघडे रबर लागते आणि दुसऱ्याला ऊब आलेले, लवचीक रबर लागते. कोऱ्या, थंड टायरजवळ दोन्ही गोष्टी कमी असतात. वरची साल घासली गेली की चकाकी जाऊन पृष्ठभाग मंद, किंचित खरखरीत होतो आणि आतले खरे रबर रस्त्याला भिडते. टायर रुळला म्हणतात तो याला.

हे सगळे काम करणारी जागा फार लहान आहे. गाडी उभी असताना एका टायरचा रस्त्याला टेकलेला भाग जेमतेम तळहाताएवढा भरतो. अशा दोन जागांवर गाडी, चालवणारा आणि मागे बसलेला माणूस यांचा सगळा भार असतो.

वळणावर त्या जागेकडून किती पकड मागितली जाते, याचा हिशेब सोपा आहे. साधारण 30 मीटर त्रिज्येचे एक वळण घेऊ. ते ताशी 40 किलोमीटर वेगाने घेतले तर गाडीला सुमारे 23 अंश झुकावे लागते, आणि टायरला आपल्यावरच्या भाराच्या 0.42 पट बाजूची पकड द्यावी लागते. त्याच वळणावर वेग 50 केला तर झुकाव 33 अंशांवर जातो आणि मागणी 0.66 पट होते. वेग पावपट वाढला, पण पकडीची मागणी दीडपटीहून जास्त झाली, कारण ती वेगाच्या वर्गाने वाढते. चांगल्या कोरड्या डांबरावर रुळलेला टायर 0.8 किंवा त्याहूनही जास्त पकड देऊ शकतो, म्हणून हे वळण एरवी निभावते. ओल्या रस्त्यावर उपलब्ध पकड निम्म्याच्या आसपास उतरू शकते. त्यात टायरची साल कोरी असेल, तर हाताशी राखीव म्हणून काहीच उरत नाही.

शिवाय हीच पकड ब्रेकलाही पुरवायची असते. वळण घेण्यात ती बहुतेक खर्च झाली असताना ब्रेक दाबला, तर दोन्हींची बेरीज टायरच्या ताकदीबाहेर जाते आणि चाक निसटते. जर्मन अभियंता वुनिबाल्ड काम यांच्या नावाने ओळखले जाणारे घर्षणाचे वर्तुळ हेच दाखवते. वळणाआधी सरळ रस्त्यावर वेग कमी करावा हा नियम म्हणूनच आहे. नव्या टायरवर हे वर्तुळ काही काळ लहान असते.

इथे एबीएसवर भिस्त ठेवू नये. 1 एप्रिल 2019 पासून भारतात 125 सीसीच्या वरच्या नव्या दुचाकींना एबीएस आणि त्याखालच्या गाड्यांना निदान पुढचे-मागचे ब्रेक एकत्र लागणारी सीबीएस यंत्रणा बंधनकारक झाली. एबीएस चाक जाम होऊ देत नाही, आणि त्याचा उपयोग मोठाच आहे. पण जी पकड टायरमध्ये नाही ती एबीएस आणू शकत नाही.

दुकानात उभे राहून पाहायच्या गोष्टी

नव्या टायरची काळजी दुकानातच सुरू होते. टायर चढवण्याआधी त्याच्या बाजूवरचे चार आकडे वाचा. पहिले दोन उत्पादनाचा आठवडा सांगतात, पुढचे दोन वर्ष: 2324 म्हणजे 2024 सालचा तेविसावा आठवडा. कित्येक वर्षे पडून राहिलेला टायर नक्षीने नवा दिसला तरी त्याचे रबर कडक होत गेलेले असते. फिरण्याची दिशा दाखवणारा बाण असेल, तर तो चाक पुढे फिरते त्याच दिशेला आहे ना हे पाहावे. हाताने टॉमी लावून टायर चढवण्याच्या घाईत बाण उलटा बसण्याचे प्रकार होतात.

टायरची कड रिमवर सरकत बसावी म्हणून कारागीर तिला साबणाचे पाणी लावतो. हवा भरताना कड ठप्प आवाज करून जागेवर बसते. टायरच्या बाजूवर रिमच्या अगदी जवळून एक बारीक रेघ गोल गेलेली असते. ती रिमपासून सगळीकडे सारख्या अंतरावर दिसली, तर कड नीट बसली असे समजावे. एका जागी रेघ रिममध्ये बुडाली असेल तर चाक उसळ्या घेत फिरेल. तिथल्या तिथे पुन्हा बसवून घ्यावे. साबणाचा ओलावा वाळेपर्यंत रिम आणि टायर यांच्यात थोडी निसरड राहते. त्यामुळे पहिल्या दिवशी जोरात रेस दिली किंवा कचकन ब्रेक मारला, तर टायर रिमवर गोल सरकू शकतो. ट्यूब असेल तर तिचा व्हॉल्व्ह त्या ओढीने तिरका होतो आणि मुळाशी फाटूही शकतो. हे तपासायला खडूचा तुकडा पुरतो: व्हॉल्व्हच्या समोर रिमपासून टायरपर्यंत एक सरळ रेघ ओढायची. दुसऱ्या दिवशी ती तुटलेली दिसली तर टायर सरकला आहे.

साबणाचे पाणी नक्षीवर ओघळले असेल तर साध्या पाण्याने धुऊन कोरडे पुसावे. टायर चमकवण्याचे पॉलिश दुकानदार हौसेने लावू लागला तर त्याला थांबवावे. हवा गाडीवरच्या स्टिकरवर किंवा पुस्तिकेत दिलेल्या आकड्याप्रमाणे, टायर थंड असताना भरावी. कड बसवताना पुष्कळदा जास्त हवा भरलेली असते आणि ती तशीच राहून जाते.

आणखी एक गोष्ट फार थोडे लोक पाहतात. चाक काढताना डिस्क ब्रेकचे पॅड मागे ढकलले गेलेले असू शकतात. चाक पुन्हा बसल्यावर पहिल्यांदा ब्रेक दाबला, तर लिव्हर रिकामाच आत येतो आणि गाडी थांबत नाही. म्हणून निघण्याआधी गाडी उभी असतानाच पुढचा-मागचा ब्रेक चार-पाच वेळा दाबून कडक लागतो याची खात्री करावी. ड्रम ब्रेक असेल तर पॅडलची ढील पाहावी, आणि चेनचा ताण व अ‍ॅक्सलचा नट कारागिराकडून समोर तपासून घ्यावा. कारागिराच्या हाताचे तेल डिस्कला लागलेले दिसले तर तेही तिथेच साफ करून घ्यावे.

पट्ट्यापट्ट्याने रुळणारा टायर

आता या प्रकरणातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट. मोटारीचा टायर रुंदीला जवळपास सपाट असतो, त्यामुळे त्याचा सगळा पृष्ठभाग बरोबरीने रस्त्याला लागतो. मोटारसायकलचा टायर गोलाईदार असतो. गाडी सरळ असताना त्याच्या मधला पट्टाच रस्त्याला टेकतो. गाडी जसजशी झुकते तसतसा बाजूचा पट्टा खाली येतो. म्हणून मोटारसायकलचा टायर एकदम रुळत नाही, एकेक पट्टा रुळतो. जितके अंश आपण झुकलो, तितकाच भाग तयार होतो. त्याच्या पलीकडची कड दुकानातून आणली तशीच कोरी राहते, मग मीटरवर कितीही किलोमीटर पडलेले असोत.

नगरहून आळेफाटामार्गे माळशेजला निघालेल्या माणसाचे उदाहरण घ्या. आदल्या दिवशी त्याने दोन्ही टायर बदलले आहेत. पठारावरचा बहुतांशी सरळ रस्ता तोडत तो शंभरेक किलोमीटर सांभाळून येतो, आणि घाटमाथ्यावर पोचेपर्यंत टायर रुळला अशी त्याची खात्री झालेली असते. मधला पट्टा खरोखरच रुळलेला असतो. घाटातल्या पहिल्या मोठ्या वळणावर गाडी झुकते आणि ज्या भागाने आजवर डांबर पाहिलेलेच नाही, त्यावर सगळा भार येतो. पावसाळ्यात इथे कड्यावरून पाणी झिरपत असते. शंभर किलोमीटरची सबुरी त्या वळणावर उपयोगी पडत नाही, कारण ती दुसऱ्याच पट्ट्यावर खर्च झालेली असते.

यात एक फरक आणखी भर घालतो. रोज महामार्गावर किंवा शहरात सरळ चाललेला जुना टायर मधोमध झिजून चपटा होतो. अशा टायरवर गाडी वळवायला जोर लावावा लागतो आणि हाताला त्या जोराची सवय होते. नव्या टायरची गोलाई पूर्ण असते, त्यामुळे तेवढ्याच जोरात गाडी पटकन आणि जास्त झुकते. कोऱ्या कडेवर आपण नकळत अपेक्षेपेक्षा आधी पोचतो. टायर रुळण्याइतकेच चालवणाऱ्याने त्या टायरला रुळणेही गरजेचे आहे.

दोन्ही टायरांत पुढच्याला जास्त जपावे. मागचे चाक थोडे सरकले तर पुष्कळदा गाडी सावरता येते. वळणावर पुढचे चाक निसटले की सावरायला वेळच मिळत नाही.

कसे रुळवावे

पहिले दहा-पंधरा किलोमीटर गाडी पूर्ण सौम्यपणे चालवावी. पुढच्या गाडीपासून नेहमीच्या दुप्पट अंतर ठेवावे, ब्रेक लवकर आणि हळूहळू वाढत जाणाऱ्या दाबाने लावावा, रेसही तशीच हलक्या हाताने द्यावी. डबलसीट आणि जड सामान शक्यतो टाळावे. चौकातले पांढरे पट्टे, गटाराची लोखंडी झाकणे, पेव्हर ब्लॉक आणि पेट्रोल पंपाच्या तोंडाशी असलेली तेलकट जागा यांवर गाडी सरळ ठेवावी.

त्यानंतर कोरडा, स्वच्छ आणि रहदारी नसलेला सरळ रस्ता पाहून, मागे कोणी नाही याची खात्री करून, ब्रेकचा सराव करावा. दर वेळी दाब थोडा वाढवायचा. यामुळे मधला पट्टा घासला जातो, टायरच्या आतले थर काम करू लागतात आणि नव्या टायरवर गाडी किती अंतरात थांबते हे हाताला कळते.

मग बाजूंची पाळी. मोठे मोकळे मैदान नव्हे, तर पक्के डांबर किंवा काँक्रीट असलेली मोकळी जागा शोधावी, कारण मातीवर साल घासली जात नाही आणि घसरण्याचा धोका मात्र असतो. तिथे आधी मोठी वर्तुळे घ्यावीत, मग थोडी लहान. वेग कमी आणि एकसारखा, रेस स्थिर, झुकाव दर फेरीला किंचित जास्त. दोन्ही दिशांना सारख्याच फेऱ्या घ्याव्यात. आपण रस्त्याच्या डाव्या बाजूने चालतो, त्यामुळे सर्कलला वळसा घालताना गाडी नेहमी उजवीकडे झुकलेली असते. केवळ शहरातल्या सर्कलांवर विसंबले, तर उजवी बाजू रुळते आणि डावी तशीच कोरी राहते.

इथे खडूचा पुन्हा उपयोग होतो. टायरच्या नक्षीवर एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत आडवी जाड रेघ ओढावी आणि एक फेरी मारून यावी. जिथपर्यंत खडू पुसला गेला, तिथपर्यंत टायर रस्त्याला लागला. दोन्ही कडांना उरलेले पांढरे तुकडे मोजले की डावीकडे किती बाकी आहे आणि उजवीकडे किती, हे समोर दिसते. टायर नीट पाहिला तर पोतही वेगळा दिसतो: लागलेला भाग मंद काळा, न लागलेला चकचकीत, आणि दोघांमध्ये स्पष्ट सीमा. कडेचा शेवटचा अर्धा सेंटिमीटर कायम कोरा राहिला तरी बिघडत नाही. रोजच्या वापरात तिथवर झुकण्याची गरजच पडत नाही आणि तो भाग घासण्याच्या ईर्ष्येने गाडी झुकवू नये. सीमा कुठे आहे हे माहीत असणे आणि ओल्या वळणावर ती न ओलांडणे, एवढे पुरे.

लवकर उरकण्याचे धोके

साल झटपट जावी म्हणून काही जण टायरला पेट्रोल, डिझेल किंवा थिनर चोळतात. ही द्रव्ये रबरात शिरून त्यातली तेले आणि संरक्षक घटक ओढून काढतात, आणि टायर मुळातूनच बिघडतो. सॅंडपेपरने घासूनही नीट काम होत नाही: घासणे एकसारखे होत नाही, टायर आतून लवत नाही आणि चालवणाऱ्याच्या हाताला काहीच कळत नाही. हवा कमी करून चालवल्यास टायर गरजेपेक्षा जास्त दबतो, तापतो आणि गाडी वळणावर डोलते. रस्त्यावर नागमोडी चालवून टायर गरम करण्याची नक्कल शर्यती पाहून आलेली आहे. शर्यतीच्या संघांकडे टायर आधीच तापवून ठेवणारी विजेची आवरणे असतात आणि त्यांच्या मार्गावर समोरून एसटी येत नाही. साध्या वापरात टायरला ऊब येते ती सरळ रेषेतल्या ब्रेकने आणि रेसने.

वेळ कोणती निवडावी

महाराष्ट्रात टायर बदलण्याची मोठी लाट येते ती पहिला पाऊस पडून गेल्यावर. नेमकी हीच वेळ सर्वांत वाईट. उन्हाळाभर रस्त्यावर साठलेले तेल, धूळ आणि रबराची भुकटी पहिल्या सरींबरोबर चिखलट लेपात बदलते. कोरी साल आणि हा लेप एकत्र आले की वर सांगितलेला हिशेब कोलमडतो. टायर बदलायचाच असेल तर मेच्या पहिल्या पंधरवड्यात बदलावा. रोज वीस किलोमीटर जाणे-येणे असलेल्या माणसाचे दोनशे किलोमीटर दहा दिवसांत होतात, आणि एखाद्या रविवारी दोन्ही बाजू रुळवून होतात. ऊसपट्ट्यात गळीत हंगाम सुरू झाला की शेतातून निघालेल्या ट्रॉल्यांची माती रस्त्यावर येते, तिथे हेच काम ऑक्टोबर संपण्याआधी उरकावे. भर पावसात टायर बदलण्यावाचून गत्यंतर नसेल, तर उघडीप मिळेपर्यंत वळणावर वेग एरवीच्या निम्म्यावर ठेवावा.

हे सगळे स्कूटरलाही लागू आहे. तिची चाके लहान असतात आणि खड्ड्यात लवकर अडतात, त्यामुळे कोऱ्या टायरवर तिला जास्तच सांभाळावे लागते.

शेवटची सूचना टायरवाला देत नाही, ती घरात द्यायची असते. आपल्याकडे एकच गाडी घरातले तिघे-चौघे वापरतात. टायर बदलून आणतात वडील, संध्याकाळी किल्ली उचलून क्लासला निघते मुलगी आणि रात्री औषध आणायला धावतो धाकटा भाऊ. ज्याला ठाऊक आहे तो जपून चालवतो, पण गाडी नेहमीप्रमाणे चालवणाऱ्याला काही कल्पनाच नसते. म्हणून टायर बदलला त्याच दिवशी घरातल्या प्रत्येकाला सांगा: टायर नवा आहे, ब्रेक लवकर लाव, वळणावर वेग कमी ठेव. आणि दोन्ही बाजू रुळल्या की तेही सांगा.